बर्क आणि हेअरवरचा एकच सिनेमा बघायचा असेल तर कुठला?

माझा भाचा यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, ॲनाटॉमीच्या (शरीररचनेच्या) सरांनी लेक्चरमध्ये बर्क आणि हेअरचं नाव काढलं आणि रात्री साहेबांचा फोन, मावशी यांच्यावरचा चांगला सिनेमा कुठला गं, एकच सांग, रविवारची एकच संध्याकाळ मोकळी आहे. मी म्हटलं एकच सांगते पण त्याआधी तीन सिनेमांबद्दल ऐकून घे, कारण तिघांमधला फरक कळला नाही तर मी हाच का सांगतेय ते कळणार नाही. फोनवर तासभर बोलले, तेच इथे लिहून ठेवतेय, अजून कोणाला ठरवायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी खरी गोष्ट थोडक्यात, कारण ती माहीत असली की तिन्ही सिनेमे जास्त कळतात. 1828 सालचं स्कॉटलंडमधलं एडिनबरा. मेडिकल शिकायला मुलं लांबून तिथे यायची, पण डिसेक्शनला, म्हणजे प्रेताची चिरफाड करून शिकायला, कायद्याने मिळायची ती प्रेतं फारच थोडी, आणि ती पुरायचीच नाहीत. मग रात्री कबरी उकरून ताजी प्रेतं डॉक्टरांना विकणारे लोक तयार झाले, आणि नातेवाईक कबरीवर लोखंडी पिंजरे बसवायला लागले, काही दफनभूमींत पहारा द्यायला बुरुज बांधले. विल्यम बर्क आणि विल्यम हेअर हे मात्र कबरी उकरणारे नव्हतेच, हा घोळ खूप जण करतात. हेअरच्या लॉजमध्ये एक म्हातारा पेन्शनर भाड्याचे 4 पौंड थकवून मेला, यांनी ते वसूल करायला त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्सच्या ॲनाटॉमीच्या शाळेत नेऊन विकलं आणि 7 पौंड 10 शिलिंग मिळाले. ती मेथड इतकी सोपी वाटली की मेलेल्यांची वाट कशाला बघायची म्हणून त्यांनी वर्षभराच्या आत 16 माणसं मारली, दारू पाजायची, आणि मग नाकतोंड दाबून धरायचं म्हणजे अंगावर खूण राहत नाही. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्क 28 जानेवारी 1829 ला फासावर गेला आणि त्याचंच जाहीर डिसेक्शन झालं, सांगाडा अजून एडिनबरा युनिव्हर्सिटीच्या ॲनाटॉमी म्युझियममध्ये आहे. नॉक्सवर कधी खटलाच चालला नाही.

तर आता सिनेमे. माझं उत्तर आहे 1960 चा 'द फ्लेश अँड द फीन्ड्स'. ब्रिटिश, ब्लॅक अँड व्हाइट, दीड तासाच्या थोडासा वर, दिग्दर्शक जॉन गिलिंग. नॉक्स म्हणजे पीटर कुशिंग (पहिल्या स्टार वॉर्समधला तो टार्किन), हेअर म्हणजे डोनाल्ड प्लेझन्स, बर्क म्हणजे जॉर्ज रोझ, आणि मेरी पॅटरसनच्या रोलमध्ये बिली व्हाइटलॉ, जी पुढे 'द ओमेन'मध्ये ती भयंकर आया झाली. यात सगळे खऱ्या नावांनी येतात, आणि ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने 1884 मध्ये या प्रकरणावरून गोष्ट लिहिली तेव्हा त्यात नॉक्सला नुसतं 'के' म्हणून सोडलंय. 1948 मध्ये याच गिलिंगने याच केसवर एक स्क्रिप्ट लिहिली होती, तर सेन्सॉरने बर्क आणि हेअर ही नावं चालणार नाहीत म्हटलं आणि तयार सिनेमाचं डबिंग बदलून नावं बदलावी लागली, म्हणजे 120 वर्षं झाली तरी नावं घ्यायची चोरी. बारा वर्षांनी त्याने स्वतः दिग्दर्शन केलं आणि सगळी नावं घेतली, सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं की हे सगळं खरं आहे आणि मेलेल्यांची आम्ही माफी मागत नाही.

मला हा सिनेमा का आवडतो तर खुन्यांइतकीच नजर तो विकत घेणाऱ्यावर ठेवतो. कुशिंगचा नॉक्स व्हिलन नाहीये, तो सुंदर शिकवतो, हुशार आहे, गरिबांवर उपचार करतो, ढोंगी डॉक्टरांना भर लोकांत सुनावतो, तुम्हाला तो आवडायला लागतो आणि तिथेच तुम्ही अडकता. खऱ्या नॉक्सचा डावा डोळा लहानपणी देवी येऊन गेला होता, कुशिंगने त्यासाठी एक पापणी अर्धवट मिटलेली ठेवलीय, अख्ख्या सिनेमात एका डोळ्याने बघणारा माणूस, आणि प्रेत इतकं ताजं कसं हे विचारायची वेळ येते तेव्हा तो बघतच नाही. एवढ्या एका गोष्टीवर कुशिंगने सगळा रोल उभा केलाय. आणि प्लेझन्सचा हेअर, बापरे, बारीक आवाजात लाडीगोडी लावत बोलणारा, खून चालू असताना चेहऱ्यावर मजा. रोझचा बर्क त्याच्या हाताखालचा, घाबरट, पैशाला हपापलेला. ही जोडी बाकी कुठल्याच सिनेमात इतकी जमलेली नाही.

यात एक सीन आहे ज्याच्यासाठी मी भाच्याला हाच सिनेमा बघ म्हटलं. नॉक्सचा एक विद्यार्थी, गरीब, परीक्षेत मागे पडलेला, दारूच्या गुत्त्यात भेटलेल्या मेरीच्या प्रेमात पडतो, आणि मग एक दिवस कॉलेजात समोर आलेलं प्रेत तिचंच निघतं. प्रेमप्रकरण सिनेमाने रचलेलं आहे, पण मेरी पॅटरसन खरी होती, एप्रिल 1828 मध्ये मारली गेली, आणि नॉक्सच्या शाळेत एका विद्यार्थ्याला तिचा चेहरा ओळखीचा वाटला होता, तिचं शरीर इतकं सुंदर म्हणून तीन महिने व्हिस्कीत ठेवून मुलांना तिची चित्रं काढू दिली होती. डॅफ्ट जेमी नावाचा मुलगा तर रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीचा, पाय वाकडा, त्याला टेबलावर बघून विद्यार्थी म्हणाले हा जेमी आहे आणि नॉक्स म्हणाला नाही. सिनेमात जेमीला मारतात तो सीन डुकरांच्या खुराड्यातला आहे, त्या डुकरांचा आवाज नुसता ऐकून मला अजून नको होतं, त्यामुळे कच्च्या मनाच्या माणसाने आधीच तयारीत बसावं. रक्त फार नाही, पण जीव जाताना कॅमेरा वळत नाही.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगते, मी शिकत असतानाचं. आमच्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबल नंबर चारवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना नाव नव्हतं, नंबर होता. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे आणि पहिल्या आठवड्यात आम्ही कोणीच त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, हातापासून सुरुवात करायची असल्याने चेहरा झाकलेलाच असायचा. महिन्याभरात आम्ही त्यांच्या शेजारी उभं राहून डब्याच्या, सिनेमाच्या गप्पा मारायला लागलो. मग एकदा त्यांच्या उजव्या हातावर गोंदलेलं नाव दिसलं, बाईचं, देवनागरीत, आणि त्या दिवशी टेबलावरचं कोणीच धड बोललं नाही. मी हा सिनेमा खूप नंतर बघितला, पण तो मेरीचा सीन आल्यावर मला ते गोंदण आठवलं, आणि म्हणूनच पहिल्या वर्षाच्या मुलाने हा बघावा असं मला मनापासून वाटतं. ब्रिटनमध्ये या सगळ्या प्रकारानंतर 1832 चा ॲनाटॉमी ॲक्ट आला आणि ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशा गरिबांची प्रेतं कॉलेजांना मिळायला लागली, प्रेतांची चोरी थांबली पण टेबलावर येणारा माणूस गरीबच राहिला. आपल्याकडे मुंबईचा ॲनाटॉमी कायदा 1949 चा, त्यातही बेवारस प्रेतांचीच सोय. आता महाराष्ट्रात लोक स्वतः फॉर्म भरून देहदान करतात, माझ्या सासऱ्यांनी केलं, त्यांचं नाव मला माहीत आहे आणि त्यांनी हो म्हटलेलं मला माहीत आहे, हा फरक किती मोठा आहे ते हा सिनेमा बघून कळतं.

दुसरा पर्याय 1945 चा 'द बॉडी स्नॅचर', आणि खरं सांगायचं तर नुसता सिनेमा म्हणून बघितलं तर हा जास्त चांगला बांधलेला आहे. हा ब्रिटिश नाही, हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओचा, निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, हो तोच 'साउंड ऑफ म्युझिक'वाला. लांबी सव्वा तासाच्या आसपास, म्हणजे वेळ कमी असेल तर हा सोयीचा. स्टीव्हन्सनच्या त्याच गोष्टीवरून काढलाय, काळ 1831, म्हणजे बर्क फासावर गेल्यानंतरचा, त्यामुळे यात बर्क-हेअर स्वतः नाहीत, त्यांची सावली आहे. बोरिस कार्लॉफ हा ग्रे नावाचा घोडागाडीवाला, दिवसा गाडी चालवतो आणि रात्री डॉक्टर मॅकफार्लेनला प्रेतं पुरवतो, आणि डॉक्टरचं एक जुनं गुपित त्याच्या मुठीत आहे. कार्लॉफ त्याला लाडाने 'टॉडी' म्हणतो आणि प्रत्येक वेळी ते ऐकून डॉक्टरचा चेहरा उतरतो, हेन्री डॅनियलने हे काम काय केलंय! बेला लुगोसी पण आहे पण रोल छोटा, ही त्याची आणि कार्लॉफची एकत्र शेवटची फिल्म. यात रस्त्यावर गाणं म्हणत भीक मागणारी एक मुलगी आहे, ती गात गात कमानीखालच्या अंधारात जाते, मागून ग्रेची गाडी जाते, पडद्यावर काहीच दिसत नाही, आणि गाणं मध्येच थांबतं. एवढंच. माझ्या मते भीती दाखवायचा याहून चांगला सीन या तिन्हीत नाही. शेवट पावसातला आहे, तो मी सांगणार नाही.

मग मी हाच पहिला का सांगत नाही, तर हा शेवटी दोन माणसांचं वैर आहे, एक डॉक्टर आणि त्याच्या मानगुटीवर बसलेला त्याचा भूतकाळ. ॲनाटॉमीचा प्रश्न त्यात आहे, पांगळ्या छोट्या मुलीच्या ऑपरेशनसाठी प्रेत हवंय म्हणून तो नीट मांडलाय पण, तरी बघून झाल्यावर मनात राहतो तो कार्लॉफ. मेलेली माणसं राहत नाहीत. 1960 वाल्यात ती राहतात. घरात कोणाबरोबर बसून बघायचा असेल, किंवा जुने सिनेमे कंटाळवाणे असतात असं कोणी म्हणत असेल, तर मात्र डोळे झाकून 1945 चा लावा. कुत्र्यांवर जीव असणाऱ्यांनी सुरुवातीच्या दफनभूमीच्या भागात जरा जपून.

तिसरा, 1985 चा 'द डॉक्टर अँड द डेव्हिल्स', कलरमध्ये आहे आणि तिघांत सगळ्यात नवा. स्क्रिप्ट मुळात कवी डिलन टॉमसची, 1940 च्या दशकात लिहिलेली, 1953 मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली आणि पडद्यावर यायला तिथून 32 वर्षं लागली, त्यात बदल पण बरेच झाले. दिग्दर्शक फ्रेडी फ्रान्सिस, जो मूळचा मोठा कॅमेरामन, त्यामुळे चिखल, धूर, मेणबत्त्या, फाटके कपडे, ते शहर बघायला जबरदस्त आहे, गरिबी या सिनेमात सगळ्यात खरी दिसते. टिमोथी डाल्टन डॉक्टर, बाँड व्हायच्या दोन वर्षं आधीचा, आणि खुनी म्हणजे जोनाथन प्राइस आणि स्टीफन री, दोघंही उत्तम. पण नावं परत बदललेली, नॉक्सचा रॉक झालाय, आणि डाल्टनचा डॉक्टर भाषणं फार देतो, त्याच्या मनात काय चाललंय ते कुशिंगच्या एका पापणीत जेवढं कळतं तेवढं इथे पानभर डायलॉगमध्ये कळत नाही. ट्विगी या नटीचं लव्ह स्टोरीचं उपकथानक मला मवाळ वाटलं. ज्यांना ब्लॅक अँड व्हाइट अजिबात चालत नाही त्यांनी हा बघावा, वाईट नाहीये, फक्त तिसरा आहे.

2010 ची सायमन पेग आणि अँडी सर्किसची कॉमेडी पण लोक सुचवतात. मी पहिली म्हणून नाही सुचवणार. 16 माणसांची नावं आधी कळू देत.

परत 1960 वर येते कारण एक गोष्ट राहिली. शेवटाकडे नॉक्सला रस्त्यात एक भीक मागणारी छोटी मुलगी भेटते, त्याच्याकडे तेव्हा सुटे नसतात म्हणून तो म्हणतो माझ्या घरी चल, तिथे देतो, आणि ती नको म्हणते, तुम्ही मला डॉक्टर नॉक्सना विकाल. तिला माहीत नसतं की समोर कोण उभा आहे. खटला होऊन गेलाय, त्याच्यावर कोणी हात टाकलेला नाही, आणि ही एवढीशी पोर त्याचं नाव त्याच्याच तोंडावर घेते. कुशिंग काही करत नाही, नुसता उभा राहतो. मी सांगितलं म्हणून बघताना त्याचा जोर कमी होईल असं समजू नका, मी पाच वेळा बघितलाय आणि दर वेळी तिथे श्वास अडकतो.

काही प्रॅक्टिकल गोष्टी. याची दोन व्हर्जन फिरतात, एक ब्रिटिश आणि एक युरोपच्या मार्केटसाठी केलेलं, त्यात गुत्त्यातल्या सीनमध्ये नग्नता जास्त आहे, गोष्टीत त्याने काही भर पडत नाही, घरी बघणार असाल तर ब्रिटिशच घ्या. अमेरिकेत हाच सिनेमा 'मेनिया' नावाने पण लागला होता, तेव्हा शोधताना तेही नाव टाकून बघा. आणि सबटायटल्स नक्की चालू ठेवा, प्लेझन्स जे पुटपुटतो त्यातला निम्मा धोका नाहीतर कानावरून निघून जाईल. भाच्याला मी सांगितलंय की रविवारी हा, आणि परीक्षा झाली की कार्लॉफवाला माझ्याकडे येऊन बघ, एकट्याने नको, मला परत बघायचाय.