कच्च्या बिलावरचा फोम

कांदिवलीतल्या आमच्या गाळ्यात मी आणि माझा मित्र गेली तीन वर्षं दोन आसनी विमान बांधतोय. कॅप्टन अमोल यादव यांनी इथेच चारकोपला गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ मध्ये बीकेसीला 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात पाहिलं, तेव्हापासूनचा हा ध्यास.

या पावसाळ्यात केबिनमध्ये ताजी हवा आणणारी डक्ट करायला घेतली. वाट वेडीवाकडी. म्हणून दोन द्रव मिसळून तयार होणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ओतायचा, फुगून कडक झाला की कोरायचा, वरून फायबरग्लास आणि इपॉक्सी चढवायचं आणि मग आतला फोम काढायचा. थर्माकोल ॲसिटोनने विरघळतो, पीयू विरघळत नाही; वळणापर्यंत हात घालून खरवडावा लागतो.

मशीद बंदरला एका दुकानात गेलो. फोमच्या दोन द्रवांपैकी एक, आयसोसायनेट, २५० किलोच्या ड्रममध्ये येतं, आम्हाला हवं होतं पाच किलो. म्हणजे सुट्टा माल, पांढरे कॅन, कच्चं बिल, ११,४०० रुपये रोख. डेटा शीट मागितली तर "व्हॉट्सॲप करतो." वर म्हणाला, "फायर रिटार्डंट आहे साहेब, वळणात थोडा राहिला तरी चालतो. विमानाच्या पंखातही फोमच असतो की!"

अर्धं खरं होतं, म्हणूनच पटलं. अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुटान यांच्या १९७५ च्या व्हॅरीईझी या घरी बांधायच्या विमानाच्या पंखात फोमचा गाभा कायमचा राहतो. पण तो पॉलिस्टायरिनचा आणि काचकापडाखाली बंद. पायलटच्या श्वासाच्या वाटेवर नव्हे.

फोम झकास फुगला. सकाळी पाहतो तर मधोमध खचलेला, आत बोट चिकटतंय. 'चाळीस डेन्सिटी'चा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा, दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा ४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. कडेच्या बऱ्या भागातून कापलेला आमचा ६५ भरला. मग कॅन उचलला. बूड फुगलेलं! आयसोसायनेटला ओल लागली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याची ती फूग. लेबलचा कोपरा सुटला होता, नखाने ओढला. खाली दुसरं लेबल, मुदत गेल्या वर्षीच संपलेली.

एक तुकडा गाळ्याबाहेर नेऊन चिमट्यात धरला आणि लायटर लावला. लायटर बाजूला केला तरी तो भडाभडा जळतच राहिला. पीयूच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो. पैशांचं दुःख गिळलं. पण हा थर डक्टमध्ये राहिला असता, या विचाराने त्या रात्री दोघांनाही झोप लागली नाही.

तक्रार केली तर दुकानदार म्हणाला, "पक्कं बिल दाखवा." आमच्या चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना बॅच नंबर.

सुट्टा माल घ्यावाच लागला तर ड्रमवरचं कंपनीचं लेबल स्वतः वाचा, कॅन आपल्यासमोर भरून घ्या, कपभर मिसळून एक रात्र थांबा आणि तुकडा जाळून बघा. आमचा फुगलेला कॅन गाळ्यात जपून ठेवलाय. घ्यायला निघाला असाल तर आधी येऊन तो हातात घेऊन पाहा.