बंद पडलेल्या ड्राइव्ह-इनची फेरी: पडद्याआधी जमीन पाहावी

वडोदऱ्याहून तासाभराच्या अंतरावर बंद पडलेल्या एका ड्राइव्ह-इन सिनेमाच्या, म्हणजे गाडीत बसूनच चित्रपट पाहण्याच्या उघड्या मैदानाची सशुल्क फेरी गेल्या रविवारी आम्ही दांडिया बाजारातील सात जणांनी केली. माणशी ३५० रुपयांत बस, चहा आणि अडीच तासांची माहिती मिळते. जागामालकाची लेखी परवानगी संयोजकांनी निघण्यापूर्वीच दाखवली, हे मला फार आवडले.

फाटकातून आत शिरताच पडद्याचा पत्रे उडालेला लोखंडी सांगाडा दिसतो. मार्गदर्शकाने आम्हाला सरळ तिकडेच नेले आणि पाऊण तास छायाचित्रांत गेला. माझ्या मते मात्र ड्राइव्ह-इनचे मर्म जमिनीत असते. रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी १९३३ साली अमेरिकेतील कॅम्डेनजवळ पहिले ड्राइव्ह-इन सुरू केले, तेव्हा त्यांना पेटंट मिळाले ते गाड्या उभ्या करण्याच्या रचनेबद्दल. प्रत्येक रांगेला वरंबा घालायचा आणि पुढची चाके त्यावर चढवायची, म्हणजे गाडीचे नाक वर होते आणि आत बसलेल्यांना पुढच्या गाडीच्या टपावरून पडदा दिसतो.

ते वरंबे येथे अजून शाबूत आहेत. इकडे ज्याला गांडो बावळ म्हणतात त्या विलायती बाभळीने मैदान व्यापल्यामुळे ते चटकन लक्षात येत नाहीत. पण मधल्या सखल पट्ट्यांत पाणी मुरून गवत हिरवेगार झाले आहे, आणि त्या हिरव्या पट्ट्यांवरून पडद्याभोवती कमानीसारख्या वळलेल्या रांगा एकेक करून मोजता येतात. मी अकरा मोजल्या. सातव्या रांगेतल्या वरंब्यावर मी उकिडवा बसलो आणि डोळे मोटारीतल्या माणसाच्या उंचीवर आणले, तेव्हा सांगाड्याची खालची पट्टी समोरच्या वरंब्याच्या पुरेशी वर, अडथळ्याविना दिसली. इतक्या वर्षांनंतरही ती आखणी चोख आहे.

शेजारीच गुडघ्याएवढा कापलेला लोखंडी खांब होता आणि त्याच्या गंजक्या तोंडातून दोन तारा बाहेर आल्या होत्या. या खांबावरचा स्पीकर काढून गाडीच्या काचेला अडकवायचा आणि आवाज आपापल्या बेताने लहानमोठा करायचा, अशी ती सोय होती. अमेरिकेत १९४१ च्या सुमारास असे स्पीकर येण्यापूर्वी आवाज पडद्याजवळच्या मोठ्या कर्ण्यांतून येई, आणि तो मागच्या रांगांपर्यंत उशिरा पोहोचल्याने ओठांची हालचाल व शब्द यांचा मेळ बसत नसे. फेरीत याचा उल्लेखही झाला नाही, याची मला खंत वाटली.

मैदानाच्या मधोमध असलेल्या बुटक्या खोलीबद्दल तर चुकीचीच माहिती मिळाली. तेथील चौकोनी झरोके उपाहारगृहाच्या खिडक्या असल्याचे सांगण्यात आले. वास्तविक ती प्रोजेक्शनची खोली आहे. एक रीळ संपत आले की दुसऱ्या यंत्रावरचे सुरू करायचे, म्हणून दोन यंत्रांसाठी दोन मोठे झरोके आणि ऑपरेटरला पाहण्यासाठी शेजारी दोन लहान; छतातली गोल भोके कार्बनच्या दिव्यांचा धूर बाहेर जाण्यासाठी. मी हे सांगितल्यावर मार्गदर्शक तरुणाने ते लगेच वहीत टिपून घेतले आणि म्हणाला, “काका, पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करतो.” त्याची ही वृत्ती मला मनापासून भावली.

अहमदाबादच्या १९७३ सालच्या ड्राइव्ह-इनला आमच्यातल्या एक वहिनी लहानपणी जात असत. गाडीपुढे सतरंजी कशी अंथरत, डबे कसे उघडत, हे त्यांनी वरंब्यावरच बसून दाखवले, आणि त्या दहा मिनिटांत ते रिकामे मैदान आम्हाला समजले.

सकाळची वेळ अयोग्य वाटते, कारण उन्हात जमिनीचे चढउतार सपाट दिसतात. फेरी संध्याकाळी ठेवावी, असे आम्ही संयोजकांना कळवले आहे. जाणाऱ्यांनी जाड तळव्याचे बूट घालावेत, काट्यांपुढे चप्पल टिकत नाही. बस थांबताच सगळे पडद्याकडे निघतील. तेव्हा आधी वरंबे दाखवण्याचा आग्रह जरूर धरावा.