वृक्ष, जाळी की मॉन्टे कार्लो : गुंतागुंतीच्या ऑप्शनचे मूल्य कसे काढावे?

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने मालमत्ता घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारा करार. ब्लॅक आणि शोल्स यांनी 1973 साली मांडलेले सूत्र साध्या युरोपियन, म्हणजे फक्त मुदतीच्या दिवशी वापरता येणाऱ्या, ऑप्शनसाठी पुरते. पण मुदतीपूर्वी वापरता येणारा, सरासरी भावावर चालणारा किंवा पाच समभागांवर एकत्र बेतलेला ऑप्शन समोर आला की तयार सूत्र बहुधा हाती नसते. अशा वेळी पद्धतीची निवड संगणकाच्या वेगावरून नव्हे, तर कराराच्या अटींवरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांचा 1979 सालचा बायनॉमियल वृक्ष, ज्यात प्रत्येक पायरीवर भाव वर किंवा खाली असा दोनच वाटांनी जातो, समजायला सर्वांत सोपा आहे. मुदतपूर्व वापराचा निर्णय त्यात प्रत्येक गाठीवर सहज तपासता येतो. मात्र पायऱ्यांची संख्या सम की विषम, यावर उत्तर वरखाली होत राहते. पडताळणीसाठी तो उत्तम आहे. रोजच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

एक किंवा दोनच मालमत्ता असतील, तर फायनाइट डिफरन्स ही माझी पहिली पसंती राहील. भाव आणि काळ यांच्या जाळीवर ऑप्शनच्या मूल्याचे समीकरण सोडवले की डेल्टा (भाव बदलल्यास मूल्य किती बदलते) आणि गॅमा (भाव बदलल्यास डेल्टा किती बदलतो) जवळजवळ फुकट मिळतात, शिवाय बॅरिअरची, म्हणजे जिला भाव शिवताच करार सुरू किंवा रद्द होतो ती, पातळी जाळीच्या रेषेवरच बसवता येते. एक्सप्लिसिट पद्धतीत, म्हणजे नवी मूल्ये थेट आधीच्या पायरीवरून काढताना, भावाची पायरी निम्मी केली, तर स्थिरतेसाठी काळाच्या पायऱ्या चौपट कराव्या लागतात. जुन्या आणि नव्या पायरीची सरासरी घेणाऱ्या क्रँक-निकल्सन पद्धतीत हे बंधन नसते, पण डिजिटल ऑप्शनसारखा परतावा एकदम उडी घेत असेल, तर तिथे गॅमा डोलू लागतो. पहिल्या काही पायऱ्या पूर्णपणे इम्प्लिसिट, म्हणजे नव्या पायरीची सर्व मूल्ये एकत्र सोडवून, घेतल्या की हा दोष बराचसा शमतो. खरी अडचण मितींची आहे. प्रत्येक मालमत्तेसाठी 100 बिंदू घेतल्यास दोन मालमत्तांना 10,000 बिंदू लागतात, तर पाच मालमत्तांना 1,000 कोटी.

तिथे मॉन्टे कार्लोला, म्हणजे भावाचे अनेक यादृच्छिक मार्ग काढून परताव्याची सरासरी घेण्याला, पर्याय उरत नाही. बॉइल यांनी 1977 साली ऑप्शनसाठी वापरलेल्या या पद्धतीत चूक दहापट कमी करायला शंभरपट मार्ग लागतात. मात्र हे प्रमाण मालमत्तांच्या संख्येवर अवलंबून नसते. सरासरी भावावर चालणाऱ्या एशियन ऑप्शनमध्ये भूमितीय सरासरीवरील ऑप्शनचे ज्ञात मूल्य कंट्रोल व्हेरिएट, म्हणजे चूक सुधारण्याचा संदर्भ, म्हणून वापरल्यास चूक लक्षणीयरीत्या घटते, आणि ही सोय असताना नुसते मार्ग वाढवत बसणे मला अपव्यय वाटते. मुदतपूर्व वापरासाठी लाँगस्टाफ आणि श्वार्ट्झ यांची 2001 सालची रिग्रेशन पद्धत आहे, परंतु ऑप्शन केव्हा वापरावा याचा तिने ठरवलेला नियम क्वचितच सर्वोत्तम असतो. म्हणून तो नियम नव्या मार्गांवर लावून पाहावा. त्यातून येणारी किंमत खऱ्या मूल्याची खालची मर्यादा समजावी आणि ऑप्शन विकणाऱ्याने केवळ तिच्यावर भाव सांगू नये.