पॉपिन्स बोल्ड: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

पोस्टर, बॅनर, प्रेझेंटेशन, ॲपचे स्क्रीन, सगळीकडे गेले बरेच महिने पॉपिन्स हाच फॉन्ट वापरतोय, जास्त करून त्याची सेमीबोल्ड आणि बोल्ड ही जाड रूपं. मराठी आणि इंग्रजी एकाच मथळ्यात असेल तर फुकटच्या फॉन्टमध्ये इतका भरवशाचा दुसरा मला तरी मिळालेला नाही.

मुख्य कारण म्हणजे यातली देवनागरी मागाहून चिकटवल्यासारखी वाटत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये हा आणला, देवनागरी निनाद काळे यांची, लॅटिन म्हणजे इंग्रजी अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची, आणि दोन्हीचा पाया वर्तुळ. देवनागरी अक्षराची उंची आणि इंग्रजी स्मॉल बी, डी, एल यांच्या दांड्याची उंची सारखी ठेवलीये, कॅपिटल त्याहून थोडी बुटकी, त्यामुळे मराठी ओळीत मधेच एखादा कॅपिटलमधला शब्द आला तरी तो अंगावर येत नाही. हे मला फार आवडतं.

अशा वर्तुळासारख्या आकारांवर बेतलेल्या फॉन्टला जिओमेट्रिक म्हणतात, पण म्हणजे नुसतं कंपासने गोल काढले असं नसतं हो. रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची ठेवली तर गोल जिथे दांड्याला भिडतो तिथे काळा ठिपका दिसायला लागतो, बोल्डमध्ये तर जास्तच, म्हणून तिथे रेघ गुपचूप बारीक करावी लागते. पॉल रेनर यांच्या १९२७ च्या फ्युचरा या जिओमेट्रिक फॉन्टमध्येही असल्या दुरुस्त्या आहेत. पॉपिन्समध्ये अक्षर खूप मोठं करून सांधे बघा, लगेच कळेल.

आता त्रास कुठे होतो ते. सगळ्यात बारीक थिनपासून सगळ्यात जाड ब्लॅकपर्यंत नऊ वजनं (रेघेच्या जाडीचे प्रकार) आहेत, प्रत्येकाचं इटॅलिक म्हणजे तिरकं रूप धरून अठरा, पण ब्लॅक लहान साइजला देवनागरीत वापरू नका, ष्ट्र, द्ध, क्ष यांच्या आतली पांढरी जागा बुजते आणि वाचणारा अडखळतो, लहान बटणावर मी सेमीबोल्डच्या वर जात नाही. इंग्रजीत कॅपिटल आय आणि स्मॉल एल दोन्ही नुसत्या उभ्या रेघा, म्हणून पासवर्ड किंवा कोड दाखवायला दुसरा फॉन्ट घ्या. आणि लांब लेख यात लावू नका प्लीज, गोल गोल अक्षरं ओळीमागून ओळी वाचून डोळे दमतात, मजकुराला साधा वाचनाचा फॉन्ट आणि मथळ्याला हा, ही जोडी छान जमते.

अजून एक, जे खूप जण चुकवतात: लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळा मोकळा दिसावा म्हणून स्पेसिंग वाढवतात आणि तीच सेटिंग मराठीला लावतात, मग शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मराठीला शून्यच ठेवा. दोन ओळींचा मथळा असेल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतो. फॉन्टची स्वतःची लाइन हाइट, म्हणजे एका ओळीला मिळणारी उंची, मुळातच ऐसपैस आहे, ती या मात्रा-उकारांना जागा म्हणून लागते, इंग्रजीवाले तिच्यावर वैतागतात पण मराठीत ती उपयोगी पडते.

लायसन्स ओपन फॉन्टचं आहे, धंद्याच्या कामात बिनधास्त वापरा, फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकता येत नाही. वेबसाइटवर टाकताना मात्र दोनच वजनं लोड करा, जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल जड असते आणि मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो.