सिझर लिफ्ट की बूम लिफ्ट? छताजवळच्या दुरुस्तीसाठी निवड करताना

सिझर लिफ्ट म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या आधारावरचा, कठडा असलेला फलाट; ती सरळ वर जाते. फरशी सपाट आणि पक्की असेल, काम डोक्यावरच असेल, तर मी तीच निवडेन. तिचा कठडा हेच पडण्यापासूनचं मुख्य संरक्षण. त्यामुळे हात पुरत नाही म्हणून कठड्यावर पाय ठेवला, की ते संरक्षण संपलं. उंचावर असताना चाक खड्ड्यात गेलं किंवा बाहेर जोराचा वारा सुटला तर ती कलंडू शकते. बाहेर चालणाऱ्या बऱ्याच मॉडेलांची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर असते.

बूम लिफ्टमध्ये लांब यांत्रिक हाताच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला माणूस उभा राहण्याची बास्केट असते; ती पाइप, यंत्रं ओलांडून आडवी पोहोचते. पण तिचा धोका वेगळा आहे आणि तो नवख्याला दिसत नाही. खाली चाक एका लहानशा उंचवट्यावरून गेलं तरी लांब बूमच्या टोकाला तो धक्का कितीतरी मोठा होऊन पोहोचतो आणि माणूस बास्केटबाहेर फेकला जातो. म्हणून हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, हवाच, दोरी आखूड आणि बास्केटमधल्याच हुकाला अडकवलेली. शेजारच्या तुळईला कधीच नाही.

तुळई आणि कठडा यांच्यात चिरडण्याची भीती दोन्हींत आहे, बूममध्ये जास्त. नजर कामावर असते, पाठीमागे लोखंड येतं, आणि माणूस कंट्रोलवरच दाबला गेल्यामुळे लिफ्ट थांबत नाही. अशा वेळी खालच्या कंट्रोलवरून बास्केट उतरवता येणारा माणूस जमिनीवर हजर असलाच पाहिजे. एकट्याला वर पाठवू नका.

विजेच्या उघड्या तारांपासून किमान ३ मीटर अंतर, उच्च दाबाच्या तारा असतील तर त्याहूनही जास्त, लिफ्ट कुठलीही असो.