गवत की माती? वागळे इस्टेटमधल्या एका घोडे-विश्लेषण सेवेचा अनुभव

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला घोड्यांतले काही कळत असणारच, अशी थट्टा करत माझ्या भाच्याने केंटकीतल्या लेक्सिंग्टनहून फोन केला, तिथून हे प्रकरण सुरू झाले. घोडबंदर हे नाव पूर्वी इथे उतरणाऱ्या अरबी घोड्यांवरून पडले असे सांगतात. हल्ली इथे उतरताना दिसतात ते मेट्रोच्या कामाचे गर्डर. तरी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मी तीस वर्षे जातो आहे, त्यामुळे आपला घोडा गवतावर धावडवावा की मातीवर, ही भाच्याची शंका मला समजली आणि तिचे उत्तर मला देता येत नाही, हेही समजले.

आठ मित्रांनी मिळून घेतलेल्या एका घोड्यात भाच्याचा लहानसा वाटा आहे. घोड्याने दोन वर्षांचा असताना दोन शर्यती धावल्या. पहिली 1600 मीटरची, गवतावरची, त्याने आरामात जिंकली. दुसरीही गवतावरच व्हायची होती, पण आदल्या रात्री पाऊस झाल्यामुळे ती मातीच्या मुख्य धावपट्टीवर हलवली गेली. अमेरिकेत ही नेहमीची पद्धत आहे. चिखलात धावून हा घोडा घोड्याच्या अर्ध्या लांबीने दुसरा आला आणि तेव्हापासून आठ भागीदारांचे दोन तट पडले. तिकडे 1 जानेवारीला सगळे घोडे कागदोपत्री एका वर्षाने मोठे होतात, म्हणजे हा आता तीन वर्षांचा झाला. केंटकी डर्बी ही तिथली सर्वांत प्रसिद्ध शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते आणि मातीवर असते. तेव्हा निर्णय लांबणीवर टाकण्याची सोय नव्हती.

म्हणून मी एका घोडे-विश्लेषण सेवेकडे गेलो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या औद्योगिक गाळ्याच्या दुसऱ्या मजल्यावर दोन तरुण ती चालवतात. एक पशुवैद्यकीचा पदवीधर, दुसरा अभियंता. घोड्याची वंशावळ आणि त्याच्या दौडीच्या चित्रफिती पाठवायच्या, त्यावरून ते अहवाल तयार करतात. त्यांनी 18,000 रुपये घेतले. सात दिवसांत देतो म्हणाले आणि दहाव्या दिवशी दिला. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रिक्षाने जावे.

चालीचे विश्लेषण हा अहवालातला सर्वांत उत्तम भाग आहे. भाच्याने मोबाइलवर संथ गतीत घेतलेल्या चित्रफितींतून त्यांनी ढांगेची लांबी, दर सेकंदाला पडणाऱ्या ढांगा, पुढचा गुडघा किती उचलला जातो आणि खूर जमिनीला कोणत्या कोनात टेकतो, हे सगळे मोजून आकृत्यांसह मांडले होते. गुडघा उंच उचलणारा, मोठ्या पसरट खुरांचा घोडा गवताचा आणि जमिनीलगत सपाट ढांग टाकणारा मातीचा, हा आडाखा रेसकोर्सवरच्या जुन्या माणसांकडून मी अनेकदा ऐकलेला आहे, परंतु मोजमाप करून तो कोणी माझ्यासमोर ठेवला नव्हता. पशुवैद्य मुलाने समोर बसवून नीट समजावले. ‘काका, मातीच्या वरच्या भुसभुशीत थरात खूर टेकताना थोडा पुढे घसरतो आणि मग रुतून धरतो, गवतात मुळांच्या जाळ्यामुळे तो लवकर थांबतो, म्हणून पायावर येणारा ताण दोन्हीकडे वेगळा असतो,’ असे तो म्हणाला, तेव्हा इतक्या वर्षांत दुर्बिणीतून आपण नेमके काय पाहत होतो, असा प्रश्न मला पडला. आमच्या घोड्याची ढांग लांब आणि सपाट निघाली. खूर मात्र चांगले रुंद.

वंशावळीचा भाग वाचनीय असला तरी त्यावर फार भार देऊ नये. बापाच्या संततीने कुठे किती शर्यती जिंकल्या, याचे कोष्टक त्यांनी दिले होते आणि त्याचा कल गवताकडे होता. पण सिगार या गाजलेल्या अमेरिकी घोड्याचा बाप पॅलेस म्युझिक इंग्लंडमधल्या न्यूमार्केटच्या गवतावर 1984 ची चॅम्पियन स्टेक्स ही शर्यत जिंकलेला होता, आणि स्वतः सिगार मात्र गवतावर अडखळत राहिला. ऑक्टोबर 1994 मध्ये त्याला मातीवर आणल्यावर त्याने सलग 16 शर्यती जिंकल्या, ज्यांत 1996 मधली पहिलीवहिली दुबई वर्ल्ड कपही होती. मी हे उदाहरण काढल्यावर दोघेही हसले. सिगार त्यांच्या कोष्टकात बसत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

माझी खरी तक्रार निष्कर्षाबद्दल आहे. मातीला शंभरपैकी 68 गुण देताना त्यांनी चिखलातली ती शर्यत मातीचा पुरावा म्हणून धरली होती. भिजून पाणी साचलेली माती आणि कोरडी माती या दोन वेगळ्या धावपट्ट्या मानायला हव्यात. चिखलात चांगला धावलेला घोडा कोरड्या मातीवर तसाच धावेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय आमचा घोडा त्या दिवशी सुरुवातीपासून पहिल्या दोघांत होता, म्हणजे पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडणारा मातीचा मारा त्याच्या तोंडावर जवळजवळ आलाच नाही. मातीवर सुटल्याबरोबर वेग घेऊन पुढे राहणाऱ्याचे फावते, ते बरेचसे याच माऱ्यामुळे. गवतावर बहुधा आधी दम राखून शेवटच्या 600 मीटरांत जोर लावतात. हा मारा घोडा सोसतो की मान वर करून मागे पडतो, हे भाच्याच्या चित्रफितींत दिसत नाही, आणि अहवालात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता.

दुसरी उणीव त्याहून अनाकलनीय वाटली. केंटकीतच टर्फवे पार्क या रेसकोर्सवर वाळू, धागे आणि मेण यांच्या मिश्रणाची कृत्रिम धावपट्टी आहे आणि तिथे हिवाळ्यात शर्यती होतात. अ‍ॅनिमल किंग्डम हा घोडा 2011 मध्ये तिथली स्पायरल स्टेक्स जिंकून थेट डर्बीला गेला आणि मातीवरची आयुष्यातली पहिलीच शर्यत म्हणून डर्बी जिंकला. गवत आणि माती यांच्या भांडणात हा तिसरा मार्ग सुचवणे हे सल्लागाराचे पहिले काम होते.

हे दोन्ही मुद्दे मी लिहून दिले. त्यांनी वाद न घालता दोन दिवसांत विनामूल्य सुधारित पान पाठवले. त्यात मातीचे गुण 55 वर आले होते, कृत्रिम धावपट्टीचा रकाना वाढला होता आणि निर्णयाआधी कोरड्या मातीवर दोन घोड्यांच्या मागे सराव करवून पाहावा, अशी स्पष्ट सूचना होती. भाच्याच्या ट्रेनरने तसे केले. ‘मामा, पहिल्या सकाळी त्याने मान अशी वर केली की जॉकीच्या नाकाला लागायची बाकी होती,’ असे भाच्याने कळवले. चौथ्या सकाळी तो बराच सावरला होता. आता फेब्रुवारीत त्याची टर्फवेला नोंद केली आहे आणि दोन्ही तट तूर्त गप्प आहेत.

पाचपैकी साडेतीन तारे. परदेशात घोडा असणाऱ्याने सुधारित नमुन्यातलाच अहवाल मागून घ्यावा. महालक्ष्मी आणि पुणे येथे सकाळचा सराव वाळूवर होत असला तरी शर्यती गवतावरच होतात, त्यामुळे इथल्या मालकाला धावपट्टीच्या गुणांसाठी पैसे घालवण्याचे कारण नाही; त्याने फक्त चालीचे विश्लेषण घ्यावे. ते निम्म्या दरात मिळते, मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.