आयएसओ ८८५५ ची अक्षपद्धती : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कॉलेजच्या फॉर्म्युला गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनची भूमिती आम्ही गेले आठ महिने आयएसओ ८८५५ या, वाहनाच्या अक्षांच्या दिशा ठरवणाऱ्या मानकाप्रमाणे मांडत आहोत : एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. त्याआधी कॅडमधला (संगणकावरच्या आराखड्यातला) एक्स मागे आणि वाय उजवीकडे असे, तर टायरच्या चाचणीचे आकडे एसएई जे६७० या अमेरिकी मानकाच्या जुन्या रीतीने, म्हणजे वाय उजवीकडे आणि झेड खाली धरून येत. साहजिकच त्यात चाकावरचा उभा भार ऋण चिन्हाने दिसे.

आमच्या गाडीत, चाक ज्या दोन सांध्यांभोवती वळते त्यांतला वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा २०० मिमी उंच आणि १२ मिमी मागे आहे, म्हणजे कास्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागचा झुकाव) सुमारे ३.४ अंश. एक्सचे चिन्ह बदलायचे राहिले तर हाच कास्टर उणे ३.४ येतो आणि चूक लगेच उघडी पडते. आम्हाला मात्र छळले ते उलट चुकीने. एकाने एक्सचे चिन्ह बदलले, पण वायचे तसेच ठेवले. कॅडमधून आयएसओत येताना झेडभोवती १८० अंश फिरायचे असते, त्यामुळे दोन्ही चिन्हे बदलायला हवीत. एकच बदलले की गाडीची आरशातली प्रतिमा तयार होते. गाडी डावी-उजवी सारखीच असल्याने कास्टर, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल), टो (वरून दिसणारा चाकाचा कोन) सगळे बरोबर दिसत राहिले. स्टिअरिंग डावीकडे वळवले, तेव्हा आतले चाक, हवे त्याच्या उलट, बाहेरच्यापेक्षा कमी वळताना दिसले आणि तीन दिवस आम्ही बिचाऱ्या टाय रॉडलाच (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याला) दोष देत बसलो. ‘डावे’ म्हणून नोंदलेले चाक खरे तर उजवे होते.

कॅम्बरची सवय व्हायलाही वेळ लागला. चाकाचा माथा आत झुकला की दोन्ही बाजूंचा कॅम्बर ऋणच असतो, पण एक्सभोवतीचे फिरणे म्हणून पाहिले तर तोच उणे १.५ अंश डाव्या चाकाला धन आणि उजव्याला ऋण ठरतो. तक्ता लिहिताना यांपैकी काय लिहिले आहे, हे स्तंभाच्या डोक्यावरच नोंदवावे.

माझी खरी तक्रार आरंभबिंदूबद्दल आहे. मानक दिशा ठरवून देते, पण गाडीवरचा संदर्भबिंदू निवडणे वापरणाऱ्यावर सोडते. आम्ही पुढच्या आसाच्या मध्याखालचा जमिनीवरचा बिंदू धरला, तोही चालक बसलेला असतानाच्या उंचीवर. रिकाम्या गाडीवर मोजलेले झेड या तक्त्यात थेट भरता येत नाहीत.